माझ्याशिवाय दुसरा ग्रुप

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका वीस वर्षांची आहे आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. शाळेपासून, म्हणजे तेराव्या वर्षापासून, तिचा सहा मैत्रिणींचा गट आहे. शाळा संपल्यावर तिघी एका कॉलेजात गेल्या, दोघी दुसऱ्या, आणि ती एकटी तिसऱ्याच ठिकाणी. भेटीची तारीख ठरवणे, सगळ्यांना विचारणे, वाढदिवस लक्षात ठेवणे ही कामे इतकी वर्षे बहुतेक तिनेच केली. मध्यंतरी त्यांच्यापैकी एकीने फोटो पाठवण्यासाठी आपल्या मोबाइलवर चॅटची यादी उघडली, तेव्हा शेजारी बसलेल्या पत्रलेखिकेला एक नवाच ग्रुप दिसला. नाव जुन्या ग्रुपचेच, पुढे फक्त एक बदाम. फोटोही जुनाच, सहा जणींचा, पण गोल चौकटीत पाचच चेहरे. डाव्या टोकाला उभी असलेली ती कापली गेली होती. तिने त्या वेळी काहीच विचारले नाही. "मी ठरवलं, आता आपणहून कोणालाच मेसेज करायचा नाही, बघू माझी आठवण कोणाला येते." त्याला दीड महिना झाला. या काळात एकीने कुठल्याशा फॉर्मबद्दल विचारले आणि दुसरीने "अगं, आहेस कुठे?" असे लिहिले, त्यावर हिने "बिझी आहे" एवढेच उत्तर दिले. रोज संध्याकाळी वर्गातल्या एका मुलीजवळ ती हे सगळे बोलते. "ती चांगली आहे, पण ती काही आमच्यातली नाही." तिचे प्रश्न असे: ग्रुप सोडावा का, सगळ्यांना एकदाच जाब विचारावा का, की गप्प बसावे? सात वर्षांची मैत्री खोटीच होती का? आणि शेवटी, "माझ्यातच काहीतरी कमी आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात सर्वांत जास्त ओळी त्या फोटोविषयी आहेत, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. आडवा फोटो गोल चौकटीत बसवला की त्याच्या दोन्ही कडा जातात आणि कडेला उभे असलेले कोणीतरी त्यात जातेच. फोटो लावणारीने तो घाईघाईत जसा आला तसा ठेवून दिला असेल, किंवा बोटाने सरकवून पाहताना तू चौकटीबाहेर जात आहेस हे तिला दिसले असेल आणि तरीही तिने तो तसाच ठेवला असेल. यांतले काय घडले हे मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि खरे पाहता तुलाही अजून सांगता येणार नाही. ग्रुप आहे, त्यात पाच जणी आहेत आणि तू नाहीस, एवढे तुला माहीत आहे. पाचही जणींनी मिळून तुला वगळायचे ठरवले, हे मात्र तू त्या छोट्याशा गोलावरून वाचले आहेस. तो अंदाज खरा निघणारच नाही असे मी म्हणत नाही, पण गेला दीड महिना तू तो सिद्ध झालेला धरून चालली आहेस.

तुला इतके का दुखावे, हा प्रश्न मात्र मी तुला विचारणार नाही, आणि "एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेतेस" असे कोणी म्हणत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नकोस. वगळले जाण्याचा अभ्यास करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी संगणकावरचा एक अगदी साधा खेळ तयार केला होता. पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकत असतात आणि काही वेळाने इतर दोघे तिसऱ्याकडे चेंडू टाकणेच बंद करतात, बस, एवढेच. 2003 साली नेओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लिबरमन यांनी विल्यम्स यांच्यासोबत हा खेळ मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात लोकांना खेळायला दिला, तेव्हा वगळल्या गेलेल्यांच्या मेंदूत शारीरिक वेदनेच्या त्रासाशी ज्याचा संबंध जोडला जातो अशा एका भागाची हालचाल वाढलेली दिसली. त्या चित्रांचा नेमका अर्थ काय लावायचा यावर पुढे अभ्यासकांमध्ये बराच वाद झाला. मला तुझ्या संदर्भात अधिक महत्त्वाचा वाटतो तो विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केलेला प्रयोग. त्यात काही जणांना आधीच सांगितले होते की समोरचे दोघे माणसे नसून संगणकच चेंडू टाकतो आहे, आणि तरीही चेंडू येईनासा झाल्यावर त्यांना वाईट वाटलेच. ज्याला मनच नाही, ज्याच्या ठायी कसलाही हेतू असणे शक्य नाही, त्याने वगळले तरी माणूस दुखावतो. तेव्हा तुझे दुखणे अगदी खरे आहे, पण त्या दुखण्यावरून त्या पाच जणींच्या मनात काय होते याचा पत्ता लागत नाही.

असे दुसरे ग्रुप कसे तयार होतात, याचा थोडा विचार कर. तिघी एका कॉलेजात आहेत; त्यांचे रोजचे बोलणे परीक्षा, शिक्षक, कोणाची हजेरी कमी भरली यांविषयी असणार. त्यात उरलेल्या दोघी कधीतरी एखाद्या कार्यक्रमाच्या निमित्ताने आल्या असतील आणि ग्रुप तसाच राहिला असेल. कधी एखादीच्या वाढदिवसाला तिला न कळता काही ठरवायचे म्हणून ग्रुप निघतो आणि वाढदिवस झाल्यावर तो बंद करायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि कधी, हेही लिहून टाकते, एखादीविषयी बोलण्यासाठीच तिच्याशिवायचा ग्रुप काढला जातो. तुझ्या बाबतीत यांतले काय झाले हे ग्रुपच्या नावावरून किंवा बदामावरून कळणार नाही. बदाम पाहून तुला वाटले की त्यांना आता एकमेकींचे अधिक प्रेम आहे. पण एकाच नावाचे दोन ग्रुप यादीत ओळखू यावेत म्हणूनही लोक असे चिन्ह लावतात.

आता मला तुझ्या पत्रात जे सर्वांत खटकले त्याकडे येते. संपूर्ण पत्रात "त्या", "त्या सगळ्या", "त्यांना" हे शब्द पुन्हापुन्हा येतात, पण त्या पाच जणींपैकी एकही मुलगी मला वेगळी दिसली नाही. कोण बोलकी, कोण भित्री, कोणाशी तुझे जास्त जमायचे, कोणाशी कधीच फारसे जमले नाही, यातले काहीच तू लिहिलेले नाहीस. तू एका गटावर रागावली आहेस, एका गटाची वाट पाहते आहेस आणि एका गटाला जाब विचारू म्हणतेस. पण गटाला मन नसते. तुझ्या ज्या मैत्र्या आहेत त्या पाच वेगवेगळ्या मुलींशी आहेत, त्या पाचही वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या खोलीच्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक आज कुठल्या अवस्थेत आहे याचे उत्तर वेगळे येणार आहे.

म्हणून एक काम कर. कागद घे, पाच नावे लिही आणि प्रत्येक नावापुढे आठव की इतर कोणी नसताना, तुम्ही दोघीच असताना, शेवटचे बोलणे कधी झाले होते आणि कशाविषयी. मग असे विचार की तिच्या सध्याच्या आयुष्यातली कोणती काळजी तुला माहीत आहे, आणि तुझी कोणती तिला. माझा अंदाज असा की एक-दोन नावांपुढे तू भराभर लिहीत जाशील, आणि निदान एका नावापुढे पेन थांबेल, कारण तिच्याशी तू सात वर्षांत कधी एकटीने बोललेलीच नसशील. ती कायम इतरांसोबत होती म्हणून तुझी मैत्रीण होती. तिने तुला वगळले याचे दुःख आणि जिच्याजवळ तू मन मोकळे करायचीस तिने वगळले याचे दुःख एकाच मापाचे नाही. सध्या तू दोन्ही एकत्र करून पाचपट दुःख भोगते आहेस.

माणसे वेगवेगळी घेण्यामागे आणखी एक कारण आहे. किशोरवयात आणि त्यानंतरची काही वर्षे आपण एकटे असताना जसे वागतो तसे बरोबरीच्यांसमोर वागत नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात निरनिराळ्या वयोगटांतल्या लोकांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ कधी एकट्याने, तर कधी समवयस्कांच्या देखत खेळायला दिला. समवयस्क पाहत असताना तेरा ते सोळा वर्षांच्या आणि अठरा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींनी जास्त धोके पत्करले. चोवीसच्या पुढच्या मोठ्यांवर तसा परिणाम झाला नाही. तो प्रयोग गाडीच्या खेळाचा होता, मैत्रीचा नव्हता, त्यामुळे त्यातून फार मोठे निष्कर्ष मी काढणार नाही. पण "तिला का घेतलं नाही?" हा प्रश्न पाच जणींच्या ग्रुपमध्ये विचारायला थोडे धैर्य लागते, आणि एखादीच्या ओठांवर तो येऊन परत गेला असण्याची शक्यता मला बरीच वाटते. ती मुलगी तुला एकटी भेटली तरच तुला दिसेल.

तुझ्या मौनाविषयी मी थोडी कठोर होणार आहे. "बघू माझी आठवण कोणाला येते" ही परीक्षा तू घेतलीस, पण आपण परीक्षेला बसलो आहोत हे त्या पाच जणींपैकी कोणालाच माहीत नाही. इतकी वर्षे भेटी तूच ठरवत होतीस. त्यामुळे तू थांबलीस की भेटी थांबणार हे उघड होते, आणि त्याचा अर्थ तुझी कोणाला गरज नाही असा होण्यापेक्षा ते काम करायची इतर कोणाला सवयच नाही असा होण्याचा संभव अधिक आहे. शिवाय एक गोष्ट तू अगदी ओझरती लिहून पुढे गेलीस. एकीने "अगं, आहेस कुठे?" असे विचारले. तुझ्याच नियमाप्रमाणे पाहिले तर ती उत्तीर्ण झाली! आणि तू तिला "बिझी आहे" असे उत्तर देऊन परत पाठवलेस. समजा, तिचे तुझ्याकडे लक्ष होते, तुझी गैरहजेरी तिला जाणवली होती, तर त्या दोन शब्दांवरून तिने काय समजायचे? आता कदाचित तिच्याही मनात असेल की कॉलेजात हिला नव्या मैत्रिणी मिळाल्या, आता आपण नकोशा झालो.

हे मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दुखावलेला माणूस अशी परीक्षा घेतो, कारण सरळ विचारले आणि नको ते उत्तर आले तर काय, ही भीती असते. पण या परीक्षेत खरी अडचण अशी की कोणी मेसेज केला तरी आपण त्याला "उशिरा केला", "कामापुरता केला" म्हणून गुण कापतो. मनाने निकाल आधीच लावलेला असतो.

आता तू विचारलेल्या तीन वाटांकडे वळते. सगळ्यांना एकदाच जाब विचारण्याचा मार्ग मी तुला अजिबात सुचवणार नाही. तू जुन्या ग्रुपमध्ये मोठा मेसेज लिहिशील, तो पाच जणी पाच वेगवेगळ्या वेळी वाचतील, पहिली जे उत्तर देईल त्याचाच सूर बाकीच्या धरतील किंवा गप्प बसतील, आणि तुझ्या मेसेजवरची खरी चर्चा त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये होईल. म्हणजे आजवर त्या ग्रुपचा तुझ्याशी काही संबंध नसला तर तो तू स्वतः निर्माण करशील. ग्रुप न सांगता सोडण्याचेही तसेच आहे. तो मेसेजच असतो, फक्त त्यात शब्द नसतात आणि वाचणारी प्रत्येक जण आपल्या मनाने शब्द भरते. गप्प बसण्यात मला तत्त्वतः काही चुकीचे वाटत नाही, कारण पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा खुलासा मागायलाच हवा असे मुळीच नाही. पण ते तुला जमत नाही हे तुझ्या पत्रावरूनच दिसते. रोज संध्याकाळी ज्या विषयावर बोलावे लागते त्याविषयी आपण गप्प आहोत असे म्हणता येणार नाही.

मला जी वाट योग्य वाटते ती चौथी आहे आणि ती लहान आहे. जिने "आहेस कुठे?" विचारले तिला त्या प्रश्नाचे खरे उत्तर दे. फोनवर किंवा समोरासमोर, लिहून नको, कारण लिहिलेले पुढे पाठवता येते आणि आवाजातला संकोच अक्षरांत उमटत नाही. "त्या दिवशी मी बिझी आहे म्हणाले, पण तसं नव्हतं. मला जरा वाईट वाटलं होतं, म्हणून गप्प होते. तुझ्याशी बोलायचं आहे," एवढे सुरुवातीला पुरे. मग ग्रुपविषयी सांगताना जे पाहिलेस तेवढेच सांग: "पाच जणींचा एक ग्रुप मला दिसला. कोणी सांगितलं नाही, चुकून दिसला. मला तेव्हापासून आपण नकोशा झालो आहोत असं वाटतंय." यात "तुम्ही सगळ्यांनी" असे एकदाही म्हणू नकोस, म्हटलेस की समोरची मुलगी तुझी मैत्रीण राहत नाही, उरलेल्या चौघींची वकील होते. जिच्या मोबाइलवर तो ग्रुप दिसला तिचे नावही घेऊ नकोस. तिला साक्षीदार करण्याची काही गरज नाही, आणि ती कदाचित त्या दिवसापासून "हिने पाहिलं की काय" या विचाराने तुझ्याइतकीच अवघडलेली असेल.

इतक्या दिवसांनी फोन केला तर विचित्र दिसेल, अशी शंका तुला येईल. 2022 साली पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी नेमका याच शंकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण आपणहून साधलेला संपर्क समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा कमीच करतात, असे त्यात आढळले; आणि संपर्क जितका अनपेक्षित, तितका तो समोरच्याला अधिक भावतो, असेही.

उत्तर काय येईल ते मला माहीत नाही, पण काही शक्यतांची तयारी ठेव. ती ओशाळून खुलासा करील आणि लगेच तुला त्या ग्रुपमध्ये घेऊ म्हणेल. तेव्हा घाईने हो म्हणू नकोस. ज्या कॉलेजात तू नाहीस तिथल्या रोजच्या गप्पा तुला दिवसभर वाचायच्या आहेत का, हे आधी स्वतःला विचार. कदाचित तुला तो ग्रुप नको असेल, फक्त आपण अजून हव्या आहोत ही खात्री हवी असेल, आणि ती महिन्यातून एका भेटीनेही मिळू शकते. ती "अगं, तू उगाच मनाला लावून घेतेस" असे म्हणून विषय उडवून देईल, तर वाद घालू नकोस. "असेल, पण मला लागलं हे तुला सांगावंसं वाटलं," एवढे बोलून थांब आणि पुढच्या काही आठवड्यांत ती कशी वागते ते पाहा. विषय टाळणारी माणसे पुष्कळदा वागण्यातून उत्तर देतात. आणि ती जर म्हणाली की हो, तुझ्याविषयी बोलणे झाले होते, तर ऐकायला सर्वांत अवघड असले तरी त्या उत्तरात तुझ्यासाठी काही उपयोगाचे असू शकते. उदाहरणार्थ, गट सांभाळणाऱ्या माणसाला वाटत असते की मी सगळ्यांसाठी एवढे करते आणि कोणाला त्याची किंमत नाही. त्याच वेळी इतरांना वाटत असते की हिने ठरवलेल्या तारखेला नाही म्हटले की हिला राग येतो. दोन्ही एकाच वेळी खरे असते. तुझ्या बाबतीत ते आहे का, हे तुलाच ठाऊक.

याच्याशी "माझ्यातच काहीतरी कमी आहे का?" हा तुझा प्रश्न जोडलेला आहे, आणि त्याला मी वेगळे उत्तर देते. एमी हार्टल, ब्रेट लॉर्सन आणि अँटोनियस सिलेसन यांनी 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सातवीतल्या मुलामुलींच्या मैत्र्यांचा बारावीपर्यंत मागोवा घेतला होता. बारावीपर्यंत टिकलेल्या मैत्र्या किती निघाल्या, तर सुमारे 1 टक्का. हा आकडा निराश करणारा वाटला तरी त्यातला दुसरा भाग वाच: मैत्री तुटण्याशी संबंध दिसला तो दोघांमधल्या फरकांचा, म्हणजे अभ्यासातली गती, वर्गातले स्थान, आक्रमकता अशा बाबतींत एकमेकांत पडलेल्या अंतराचा. कोणा एकाच्या अंगी अमुक उणीव होती म्हणून मैत्री गेली, असे चित्र त्यातून निघाले नाही. तुम्ही तेरा वर्षांच्या होतात तेव्हा सहा जणींचे वेळापत्रक, गणवेश, शिक्षक आणि भीतीसुद्धा एकच होती. आज ते काहीच समान नाही. त्यामुळे अंतर पडले असेल तर त्यासाठी कोणाची उणीव शोधण्याची गरज नाही. आणि मैत्री खोटी होती का, या प्रश्नात एक गृहीतक दडले आहे: जे टिकले नाही ते खरे नव्हतेच. शाळेत तुला ज्या दिवशी रडू आले त्या दिवशी जी शेजारी बसली होती, ती त्या दिवशी खरोखरच बसली होती. पुढे सात वर्षांनी तिने कुठला ग्रुप काढला यामुळे त्या दिवसाचे काही बदलत नाही.

सहाच्या सहा जणींना धरून ठेवण्याचा तुझा आग्रह थोडा सैल व्हावा असेही मला वाटते. रेचल नार, जोसेफ ॲलन आणि सहकाऱ्यांनी काही मुलामुलींना पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत तपासले होते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्यांची घनिष्ठ मैत्री होती, त्यांच्यात पंचविशीत सामाजिक चिंता कमी आणि स्वतःविषयीचा आदर अधिक दिसला. जे त्या वयात केवळ लोकप्रिय होते, त्यांच्यात पुढे चिंता उलट अधिक आढळली. कागदावरच्या पाच नावांपैकी ज्या एक-दोघींपुढे तू भराभर लिहिलेस, त्यांच्याशी असलेले नाते गटाच्या बाहेर काढून वेगळे जपता आले, तर गट विरला तरी तुझे फारसे काही जाणार नाही.

आता त्या वर्गातल्या मुलीकडे येते, जिच्याविषयी तू एकच वाक्य लिहिलेस आणि मी ते परतपरत वाचले. ती आमच्यातली नाही, असे तू म्हणतेस. मग त्या पाच जणींजवळ असे काय होते जे हिच्याजवळ नाही? मला तरी फक्त तास दिसतात. संवादशास्त्राचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग मैत्रीसाठी 200 पेक्षा जास्त. शाळा हे तास फुकट देते. एका बाकावर बसवून ठेवते आणि आपण त्यालाच नशीब म्हणतो. शाळेनंतर ते तास आपल्याला मुद्दाम काढावे लागतात. तू आणि ही मुलगी रोज संध्याकाळी ते काढताच आहात, पण तुमच्या बोलण्याचा विषय त्या पाच जणी आहेत. अमांडा रोझ यांनी 2002 साली मैत्रीतल्या याच सवयीचा अभ्यास मांडला: दोघींनी मिळून एकच अडचण पुन्हापुन्हा उगाळत बसण्याने जवळीक वाढते खरी, पण त्याचबरोबर उदासी आणि चिंताही अधिक आढळते. तेव्हा उद्या संध्याकाळी तिच्याविषयी विचार. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी आता कुठे आहेत, तिला कधी असे वगळले गेले होते का, सध्या तिची झोप कशाने उडते. तिला तुझ्याशी मैत्री करायची आहे की नाही याची शंका घेत बसू नकोस. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 साली दाखवले आहे की पहिल्या-पहिल्या संभाषणानंतर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज आपण कमीच करतो, आणि एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांत हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता.

इथवर मी तुझ्या मैत्रिणींचा हेतू वाईट नसावा असे धरून लिहिले. तसे नसेल, तर सगळा सल्ला बदलतो. तुझे खासगी मेसेज किंवा फोटो तिथे फिरवले जात असतील, तुझी नक्कल किंवा थट्टा हाच ग्रुपचा विषय असेल, तू विश्वासाने सांगितलेले तुझ्याविरुद्ध वापरले जात असेल, किंवा अमुकीशी बोललीस तर आमच्यात येऊ नकोस अशी अट घातली जात असेल, तर समजुतीचे फोन करत बसू नकोस. तिथून बाहेर पड, कारण देण्याचे बंधन तुझ्यावर नाही, आणि जे घडले ते घरातल्या किंवा कॉलेजातल्या एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाला सांग. पुरावा म्हणून असलेले मेसेज पुसून टाकू नकोस. त्याचप्रमाणे झोप, भूक किंवा अभ्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेला असेल तर समुपदेशकाकडे जा. जगणे नकोसे वाटण्यापर्यंत गोष्ट गेली, तर मात्र आठवडे मोजू नयेत. त्याच दिवशी घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगावे.

हे सदर वाचणाऱ्यांत तुझ्यासारख्या पुष्कळ जणी असतील, तसेच त्या पाच जणींसारखेही पुष्कळ जण असतील, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. वेगळा ग्रुप काढण्यात गैर काही नाही. प्रत्येक बोलण्यात सगळ्यांना घेणे शक्य नसते. पण जुन्या ग्रुपमधल्या एकाच व्यक्तीला सोडून बाकी सगळ्यांचा नवा ग्रुप निघत असेल, तर ती व्यक्ती तो आज ना उद्या पाहणार, हे धरूनच चाला. तिला आधी सांगा: "आमच्या कॉलेजच्या गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढतोय, तुला कंटाळा येईल म्हणून घेतलं नाही, यायचं असेल तर सांग." हे वाक्य तिला सांगताना जीभ अडखळत असेल, तर ग्रुप नेमका कशासाठी काढतो आहोत हे एकदा स्वतःला विचारा. जुन्याचे नाव आणि जुना फोटो नव्याला लावू नका. आणि तुमच्यातली नेहमी भेटी ठरवणारी मुलगी अचानक गप्प झाली असेल, तिचे उत्तर "बिझी आहे" असे येत असेल, तर ते उत्तर खरे मानून सोडून देण्याआधी एकदा तिला फोन करा, आणि पुढच्या भेटीची तारीख तुम्ही ठरवा.